गेद्दलु

मावशी,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. पुण्याला ट्रेनिंगला होते तेव्हा बाबांना लिहायचे, आणि शेवटी एक ओळ असायची, 'घरी सर्वांना यथायोग्य.' त्या सर्वांत तुम्ही होतात. धाकट्या भावासाठी निदान वेगळी ओळ असायची, अभ्यास कर म्हणून. बाबा ते पत्र मोठ्यानं वाचायचे आणि तुम्ही चुलीपुढे बसून ऐकायचात, असं धाकट्यानंच मला पुढे सांगितलं. आपलं नाव येतंय का ते तुम्ही ऐकत असाल, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं चुकलेलं मराठी आठवावं लागतं. 'ताट वाढली की. भात गार होती.' मग त्यामागून आवाज येतो.

माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि वर्षाच्या आत तुम्ही आलात. बाबा मूळचे साताऱ्याकडचे, सोलापूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. तुमचं माहेर अक्कलकोटच्याही खाली, जिथे घरात कानडीच बोलतात. ऑफिसातल्या कुणीतरी स्थळ सुचवलं. बाबांना घर बघणारं माणूस हवं होतं, आणि तुमच्या घरी तुमच्या पाठच्या बहिणी लग्नाच्या झाल्या होत्या. तुम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या असाल. आज माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलींकडे बघते तेव्हा मला ते वय कळतं; तेव्हा तुम्ही मला थोराड बाईच वाटायचात. आईला मी अगं-तुगं करायचे. तुम्हाला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोर किती वळणाची आहे. ते वळण नव्हतं, मावशी. मी तुम्हाला उंबऱ्याबाहेर उभं करत होते, आणि ते शेजारणींना नाही तरी तुम्हाला कळत होतं.

आईची एक लाकडी पेटी होती, पुस्तकांची. कादंबऱ्या, बांधून घेतलेली मासिकं, एखादं प्रवासवर्णन. तिच्या भावानं, माझ्या केमच्या मामानं, तिला लग्नाआधी वाचायला शिकवलं होतं आणि भेटायला येताना तो दर वेळी एखादं पुस्तक आणायचा. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की आई जमिनीवर आडवी होऊन वाचायची आणि मी तिच्या दंडावर डोकं ठेवून तिच्याबरोबर वाचायचे. शाळेत जायच्या आधी मी तशीच वाचायला शिकले. तिच्या हातात पेन्सिलीचा तुकडा असायचा. समासात ती लिहायची, 'खरं आहे', 'असं कुठे असतं?', आणि एका ठिकाणी नुसतंच 'अरेरे'. ती गेल्यावर पेटी भिंतीला लावून ठेवली, ती तिथेच राहिली. मी तिच्यावर बसून अभ्यास करायचे पण ती उघडायचे नाही. उघडली तर आत राहिलेला आईचा वास उडून जाईल असं माझ्या मनानं घेतलं होतं. सारवलेली जमीन, ओल धरणारी भिंत, आणि सबंध पावसाळा ती पेटी कुणी जागची हलवली नाही. बाबांनीही नाही. त्यांना तिच्याकडे बघवत नसे.

तुमचे हात मात्र कधी मोकळे नसायचे. करवंटी घासून तिला बांबूची दांडी बसवून तुम्ही डाव केलात. रॉकेलचा रिकामा डबा कापून त्याचं धान्याचं मापटं केलंत. फाटक्या लुगड्याच्या पट्ट्या वळून केलेली दोरी तर पुढे कितीतरी वर्षं वाळवणाला होती. आणि तुमचा कागदाचा लगदा गल्लीत सगळ्यांना ठाऊक झाला होता. रद्दी कागद पाण्यात भिजत घालायचे, मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या, आणि ते सगळं उखळात कुटायचं, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत. दुरडीला आतून-बाहेरून लिंपलं की पीठ गळत नाही. पालथ्या घागरीवर थापून वाळवलं की नवी टोपलीच तयार. आमच्या गल्लीतल्या बायका तुमच्याकडून शिकून गेल्या. जिथे आईच्या हातात पुस्तक असायचं तिथे तुमच्या हातात सुतळी नाहीतर कात्री. मला त्याचासुद्धा राग होता.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी केमला मामाकडे गेले होते. परत येताना मामानं मला गाडीत बसवून दिलं, बाबा काही दिवस कामासाठी कुर्डुवाडीला होते ते तिथे चढले, आणि आम्ही सोलापूरला उतरलो. बाबा कागदपत्रं द्यायला ऑफिसात थांबले आणि माझी वळकटी हमालाच्या डोक्यावर देऊन त्यांनी मला पुढे पाठवलं. सात रस्त्यावरून आत वळून मी आमच्या गल्लीत शिरते तर आधी मेथीचा वास येतो. घराचं दार उघडं आहे. भिंतीजवळची जागा रिकामी, जमीन नुकती सारवलेली. मी मागच्या अंगणात धावते. आईची पेटी उन्हात पालथी पडली आहे, तिला रॉकेलचा वास येतो आहे. तुम्ही घमेल्यापुढे उकिडव्या बसला आहात, हात कोपरापर्यंत करड्या लगद्यात. घमेल्याच्या काठाला पानाचा एक तुकडा चिकटलेला आहे. त्याच्या समासात पेन्सिलीचं अक्षर आहे, आणि ते कुणाचं ते मला लांबूनच कळतं.

तुम्ही मान वर केलीत आणि हसलात. मी आले म्हणून तुम्ही हसला होतात, हे मला फार उशिरा उमगलं.

"आली? बस की. पाणी देते."

"हे काय आहे?" मी किंचाळले. "ही आईची पुस्तकं आहेत!"

"पेटी..." तुम्ही उठलात. "पेटी खाली, गेद्दलु. गेद्दलु आला. सगळी..." पुढचा शब्द तुम्हाला सापडेना. ओल्या हाताची बोटं जुळवून तुम्ही हवेत काहीतरी टोचल्यासारखं केलंत. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, मला ऐकू आलं नसेल असं समजून, "गेद्दलु!"

"काय गेद्दलु, गेद्दलु? तुम्ही आईची पुस्तकं कुटलीत!"

तुम्ही माझा हात धरलात आणि मला पेटीकडे ओढू लागलात. मी हात हिसकून घेतला. परकराला लगद्याचे डाग पडले. मी घरात जाऊन कोपऱ्यात तोंड खुपसून बसले आणि पेटीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मावशी, चार पावलं चालून त्या पेटीपाशी गेले असते तर तिच्या तळाचं काय झालंय ते मला दिसलं असतं. घरातल्या कोनाड्यात कडुलिंबाच्या पाल्यावर काही पुस्तकं नीट मांडून ठेवलेली होती, ती मी पाहिली. मला वाटलं, यांची पाळी उद्या येणार होती.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी रडून रडून सुजले होते. मी त्यांना सांगितलं, मी नव्हते ते बघून यांनी आईची पुस्तकं काढली आणि टोपल्या करायला कुटली. बाबांनी टोपीही काढली नाही. ते मागे गेले, घमेलं उचललं आणि गटारात रिकामं केलं. तुम्ही दाराशी उभ्या होतात. तुम्ही त्यांच्याशी एरवीही मान खाली घालूनच बोलायचात, आणि त्या दिवशी तर तेवढंही नाही.

"या घरातल्या एकाही कागदाला पुन्हा हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "वाचता येत नाही ते येत नाही, निदान विचारायची तरी अक्कल असावी. कळलं?"

तुम्ही मान हलवलीत. बाबांनी 'का' असं विचारलं नाही, आणि गेद्दलु हा शब्द मी त्यांना सांगितला नाही. लपवला असं नाही. मला तो नुसता कानडी बडबडीचा एक तुकडा वाटला होता.

तो शब्द मी वापरला वेगळ्याच ठिकाणी. शाळेत मैत्रिणींना मी सगळी हकिगत सांगितली, तुमची नक्कल करून, बोटं हवेत टोचत. मुली खूप हसल्या. त्या दिवसापासून आमच्या बोलण्यात तुमचं नावच गेद्दलु पडलं. गेद्दलु आज काय स्वयंपाक करणार, गेद्दलुनं तुझी वेणी घातली का. गल्लीत कानडी बोलणारी माणसं काही कमी नव्हती. कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारलं असतं तरी तिनं अर्थ सांगितला असता. पण टिंगलीचा शब्द, त्याला अर्थ असतो असं मला वाटलंच नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी दोघी-तिघी मैत्रिणी आमच्या ओट्यावर सागरगोटे खेळायला आल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "पाणी कुणाला मागायचं?" आणि मी म्हणाले, "गेद्दलुला हाक मार की." सगळ्या खिदळल्या. तुम्ही माझ्या मागेच उभ्या होतात, हातात शेंगदाणे-गुळाची ताटली. तेव्हा तुम्हाला दिवस गेले होते. ताटली तुम्ही खाली ठेवलीत, हळू, आवाज होऊ न देता, आणि आत गेलात. मी जराशी ओशाळले, नाही असं नाही. पण मला वाटलं, तुमच्या बोलण्याची नक्कल केली एवढंच तुम्हाला लागलं असेल. तुम्ही काय ऐकलं होतंत ते मला माहीत नव्हतं.

बाबांचा हुकूम तुम्ही इतका पाळलात की तो हुकूम राहिला नाही, त्याचं काहीतरी निराळंच झालं. वाण्याकडून साखर, जिरं, हळद यायची ती छापील कागदाच्या पुड्यांत. तुम्ही पुडी सोडायचात, जिन्नस डब्यात भरायचात, कागद झटकून तळहातानं सपाट करायचात, आणि चुलीत घालण्याऐवजी माझ्या कोनाड्यात आणून ठेवायचात. "हा कागद ठेवायची का टाकायची?" पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी अभ्यास करत होते. एक शब्द पुरला असता, 'टाका'. मी म्हणाले, "ठेवा." मग रोज विचारायचात, आणि मी रोज ठेवा म्हणायचे. तुम्हाला काय राखायचं आणि काय जाळायचं हे कळत नाही, म्हणून प्रत्येक चिटोरा घेऊन माझ्यापुढे उभं राहायचं, यात मला गोड वाटत होतं. गोड हाच शब्द आहे, दुसरा मिळत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला असं वाटू शकतं, हे मी शाळेत मुलींकडे बघताना विसरत नाही.

कागदांची चळत वाढली तेव्हा तुम्ही त्यांचं पुस्तक केलंत. पलीकडच्या विणकरांच्या घरून थोडी खळ आणि मागावरचं तुटकं सूत आणलंत. त्या घरची तेलुगू बाई आणि तुम्ही, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धी दुपार हसत बसायचात. दाभणानं भोकं पाडून कागद शिवलेत, जाड पुठ्ठ्यावर निळा कपडा खळीनं चिकटवलात, आणि ते पुस्तक माझ्यापुढे ठेवून भिंतीला टेकून उभ्या राहिलात. पोट पुढे आलं होतं, तुम्हाला फार वेळ उभं राहवत नव्हतं. मी पुस्तक उघडलं. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, कुणाच्या तरी गणिताच्या वहीचं पान, गोष्टीच्या पुस्तकाची मधलीच काही पानं. बरीच पानं उलटी शिवलेली.

"उलटी आहेत," मी म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

तुम्ही ते नेलंत. दुपारभर टाके उसवत बसलात. संध्याकाळी पुन्हा माझ्याजवळ येऊन एकेक सुटं पान दाखवू लागलात, "असा? का असा?" मी नुसती मान हलवायचे, हो किंवा नाही. मग मध्येच तुम्ही थांबलात. दोन पानं शेजारी शेजारी धरलीत, बोट फिरवलंत आणि एकदम उजळलात. "रेघ! रेघ वर!" अक्षरांच्या डोक्यावरून जाणारी रेघ तुम्हाला सापडली होती. रेघ वर आली की पान सरळ. त्यानंतर तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. सगळं पुस्तक तुम्ही एकटीनं सुलट शिवलंत. तो आनंद तुमच्या तोंडावर मी बघितला. मी शिकणाऱ्या माणसाचा तसा चेहरा पुढे शेकडो वेळा बघितला, आणि तसा चेहरा दिसला की दिवस चांगला गेला असं समजते. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "मला गृहपाठ आहे." तेव्हाच तुम्हाला एक अक्षर दाखवलं असतं, मग दुसरं, तर वर्षभरात तुम्ही वाचू लागला असतात. ते पुस्तक मी वाचलं, तुम्ही विहिरीवर गेलात की. त्यातली गोष्ट कुठे सुरू होते आणि कशी संपते ते कधीच कळलं नाही, म्हणून मी तिला रोज वेगळा शेवट द्यायचे. तुम्ही परत आलात की पुस्तक कोनाड्यात, जसंच्या तसं.

धाकटा झाला, मोठा होऊ लागला. मी फायनलची परीक्षा पास झाले, पुण्याला गेले, आणि शिक्षिका होऊन आले ती नेमकी तुमच्या मुलखात, अक्कलकोटकडच्या एका गावी, मुलींच्या शाळेत. शाळेत झाडलोट करायला एक वयस्क बाई होती. पावसाळ्यानंतर एक दिवस तिनं नकाशांचं कपाट उघडलं आणि ओरडली, "अव्वा! गेद्दलु!" मी हातातला खडू खाली ठेवला. ती मला बोलावत होती, "बाई, हितं या, बगा की. समदं खाल्लंय." मी जाऊन बघितलं. कपाटाच्या तळाशी मातीचे बोटभर बोगदे, आणि नकाशाची गुंडाळी हातात घेतली तर तिचा वरचा पापुद्रा राहिला आणि आतून माती सांडली. त्या मातीत पांढरे किडे वळवळत होते.

"याला काय म्हणालीस?" मी विचारलं.

"गेद्दलु की, बाई. तुमच्यात वाळवी म्हंत्यात."

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिला वाटलं मी कानडी शिकते आहे, तिनं आवडीनं दोन-तीनदा म्हणून दाखवलं. मावशी, माझ्या मनात पहिल्यांदा पुस्तकं आली नाहीत. आधी ओटा आला, सागरगोटे आले, आणि तुमच्या हातातली ताटली. तुमची सावत्र मुलगी चार पोरींमध्ये बसून तुम्हाला वाळवी म्हणत होती. पुस्तकं खाणारी, घर पोखरणारी. आणि तुम्हाला वाटलं असणार की तिला अर्थ कळतो आहे, ती जाणूनबुजून म्हणते आहे. मुलींना मी त्या दिवशी लवकर सोडलं.

दिवाळीला घरी आले ते बोलायचं ठरवूनच. तुम्ही भाकरी थापत होतात. बाबा बाहेर गेले होते, धाकटा किल्ला करत अंगणात होता. मी तुमच्याशेजारी पाटावर बसले, जशी कधी बसत नसे, आणि म्हणाले, "मावशी, गेद्दलु म्हणजे वाळवी ना?"

तुमचे हात परातीत थांबले. "तुला ठाऊक नव्हती?"

"नाही."

"मग तू मला म्हणत होती..."

"मला अर्थ माहीत नव्हता. शपथ घेऊन सांगते, नव्हता."

तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला. तुम्ही ती उलटलीत आणि एकदम हसायला लागलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मला वाटली तू जाणून म्हणती. इतकी वर्षं वाटली." मग तुम्ही मला सगळं सांगितलंत. सारवायला पेटी सरकवली तर तळ जमिनीलाच चिकटून राहिला. खालची पुस्तकं हात लावताच माती होत होती. वरची तेवढी चांगली निघाली, ती पाल्यावर ठेवलीत. मधल्यांची अर्धी पानं, पाव पानं उरली होती. "टाकायची कशी? तुझ्या आईची वस्तू. म्हटलं, टोपली करते. मेथी घातली की गेद्दलु येत नाही. मुलगी लग्न होऊन जाईल, टोपली बरोबर जाईल." मी तुमच्या पिठाच्या हातावर हात ठेवला. तेवढं मी केलं. तुम्ही तो काढून घेतला नाहीत. मग मान खाली घालून, परातीतलं पीठ उगाच गोळा करत म्हणालात, "यांना सांगशील? माझी तोंड नाही. तू सांगितली तर ऐकतील."

"आजच सांगते," मी म्हणाले.

संध्याकाळी बाबा आले ते खुशीत होते. त्यांच्या साहेबानं माझ्या नोकरीचं कौतुक केलं होतं. जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "तू अगदी तुझ्या आईसारखी निघालीस. ती असती तर आज तिनं..." आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला. तुम्ही वाढत होतात. आमटी वाढून झाली तरी तुम्ही आत गेला नाहीत, पळी हातात धरून दाराशी थांबलात. माझ्याकडे बघत होतात. सांगायचं ते माझ्या ओठांवर होतं. पण सांगितलं असतं तर त्याच क्षणी मी आईसारखी राहिले नसते. न बघता, न विचारता एका माणसाला इतकी वर्षं छळणारी मुलगी झाले असते. मी म्हणाले, "आमटी छान झालीय." तुम्ही आत गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारलं नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. मी परत निघाले तेव्हा मला डब्यात दशम्या बांधून दिल्यात, आणि वाण्याच्या पुडीचा एक कागद माझ्यापुढे धरून नेहमीसारखं विचारलंत, हा ठेवायची का टाकायची. मी म्हणाले, "टाका, मावशी. आता सगळे टाका." तुम्ही टाकला नाहीत. यांनी अजून सांगितली नाही, म्हणालात.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्हाला विषमज्वर झाला. तार मिळून मी येईपर्यंत सगळं झालेलं होतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि धाकटा त्यांच्या मांडीवर झोपला होता. त्यांना तेव्हा कसं सांगणार होते? मी बदली मागून सोलापूरला आले, धाकट्याला वाढवलं, बाबांचं बघितलं. पुढे त्यांना दम्याचा त्रास सुरू झाला, मग डोळे अधू झाले. दर वेळी काहीतरी होतंच. काही वर्षं तर अशी गेली की मला वाटायचं, आता हा विषयच उरलेला नाही.

पण तो उरला आहे. बाबा तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात, फार आठवण काढतात. बोलता बोलता पुस्तकांची गोष्ट निघतेच. धाकट्यानं ती लहानपणापासून ऐकली आहे. तोही ती मित्रांना हसत सांगतो, आमची आई साधी, तिनं पुस्तकांच्या टोपल्या केल्या. तुमचा मुलगा, मावशी. तो मिरजेला नोकरीला लागला, गेल्या महिन्यात त्याचं लग्न झालं. परवा तो बायकोला घेऊन आला होता. मुलगी गोड आहे, वाचणारी आहे. जेवणं झाल्यावर तिनं बाबांना विचारलं, "सासूबाई कशा होत्या हो?" बाबा म्हणाले, "मायाळू होती. कष्टाळू होती. पण बिचारीला अक्षराची किंमत नव्हती." आणि गोष्ट सुरू झाली. घमेलं, लगदा, गटार. नवी सून ऐकत होती, मध्येच तिनं 'अगंबाई' म्हटलं. धाकटा हसला. बाबांनी अधू डोळे माझ्या दिशेनं वळवले. "तूच पहिल्यांदा बघितलंस ना गं? आठवतं?"

मी म्हणाले, "आठवतं, बाबा." आणि पानाचा डबा आणायला उठले.

ती दोघं काल गेली. आज दुपारी कागद घेऊन बसले, तुम्हाला सगळं लिहायचं म्हणून. तुम्हाला त्यातलं काय नवीन आहे? सगळं तुम्हालाच तर आधीपासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही ते बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत आहेत, जागे आहेत, मला इथून त्यांचा हलणारा पाय दिसतो आहे. मघाशी त्यांनी विचारलं, "काय लिहितेस एवढं?" मी सांगितलं, शाळेचं काम आहे.